वर्गातल्या मुलांनीच कॉपीविरुद्ध बोलायचं – कसं जमेल?

खाडीकाठ
नमस्कार मंडळी. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वरिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य शिकवतो. पुढच्या सत्रापासून आमच्याकडे विद्यार्थी स्वयंसेवकांचा एक गट सुरू करायचं घाटतंय. उतरवलेल्या असाईनमेंट, विकत आणलेलं ब्लॅकबुक (म्हणजे बांधून द्यायचा प्रोजेक्ट रिपोर्ट), घरी बसून भरलेल्या प्रश्नावल्या, परीक्षेतल्या चिठ्ठ्या या सगळ्याबद्दल या मुलांनी आपल्याच वर्गमित्रांशी बोलायचं, अशी कल्पना आहे. एनएसएसमधली काही मुलं-मुली स्वतःहून पुढे आलीत. कोणी सक्ती केलेली नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

पहिल्याच बैठकीत मात्र दोन तट पडले. काही सहकाऱ्यांचं म्हणणं, वर्गात काय चालतं ते मुलांना आपल्याआधी कळतं, तेव्हा त्यांनी नावं कळवावीत. माझं म्हणणं, नावं कळवायला लावली की गट त्याच दिवशी संपला. मुलं त्यांच्याजवळ बोलायचीच बंद होतील.

आमची निम्मी मुलं लांजा-संगमेश्वरच्या बाजूने एसटीने येतात. बरीच घरातली पहिलीच कॉलेजात आलेली. बारावीपर्यंत मराठीतून शिकलेली, आणि इथे असाईनमेंट इंग्रजीतून. हे लक्षात घेऊन सांगा, या स्वयंसेवकांनी नेमकं काय करावं?

एसटीचा_पास
सर, मी टीवायला आहे (तुमच्या कॉलेजात नाही). नावं द्यायला लावलीत तर त्या मुलांना डबा खायलासुद्धा कोणी सोबत बसवून घेणार नाही. बाकी सविस्तर रात्री लिहिते, आता गाडी आली.

अमसूल
मी पालक म्हणून लिहितो आणि थोडं कडू लिहितो. माझ्या मुलीने प्रोजेक्टसाठी काजू प्रक्रिया करणाऱ्या बायकांना भेटून, उन्हातान्हात वाड्यावाड्या फिरून माहिती गोळा केली. तिच्या वर्गातल्या दुसऱ्याने मागच्या वर्षीची फाईल नाव बदलून दिली. दोघांना सारखे गुण. घरी येऊन ती म्हणाली, "बाबा, मी उगीच फिरले." तिला काय सांगायचं?

मित्रांवर चुगली नको, हे मला मान्य आहे. पण प्रत्येक वेळी आपण कॉपी करणाऱ्याला समजून घेतो. जो मान मोडून स्वतः काम करतो, त्याची बाजू घ्यायला बैठकीत कोण असतं?

पन्हं
अमसूल, अगदी पोटतिडकीने लिहिलंय. +१

ब्लॅकबुकवरून आठवलं. आमच्या वेळी एकाने विकतचं ब्लॅकबुक सोनेरी अक्षरांत नाव छापून, छान बांधून दिलं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी ऋणनिर्देशाचं पान उघडलं आणि विचारलं, "तुमच्या पत्नीचे आणि दोन मुलांचे आभार मानलेत, कुठे असतात सध्या?" पोरगा एकवीस वर्षांचा! मूळ प्रोजेक्ट कुणा नोकरी करून शिकणाऱ्या गृहस्थाचा होता.

एसटीचा_पास
😂 पन्हं काका, एसटीत मोठ्याने हसले.

कातळावरची
मी एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. या विषयात नियम काय म्हणतात ते मांडते, कारण स्टाफरूममध्येही बऱ्याचदा चुकीचं सांगितलं जातं.

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे विनियम आहेत, शैक्षणिक सचोटी आणि वाङ्मयचौर्य प्रतिबंध यासंबंधीचे. त्यांत प्रबंधासाठी पायऱ्या ठरवल्यात. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचं. ४० ते ६० असेल तर वर्षभर सादर करायला बंदी. ६० च्या वर गेलं की नोंदणी रद्द. अवतरणचिन्हांत घेऊन नाव दिलेला मजकूर, संदर्भसूची, ऋणनिर्देश हे मोजणीत धरत नाहीत.

आता महत्त्वाचं. हे विनियम पदव्युत्तर आणि संशोधन पातळीच्या प्रबंधांना, तसंच प्रकाशित होणाऱ्या लेखनाला लागू आहेत. असाईनमेंट, प्रोजेक्ट रिपोर्ट, उत्तरपत्रिका त्यातून स्पष्टपणे वगळल्यात. म्हणजे खाडीकाठ सरांची मुलं जे काही लिहितात, त्यातलं जवळजवळ सगळं या नियमांच्या बाहेर आहे. परीक्षेतल्या गैरप्रकारांसाठी विद्यापीठाची वेगळी समिती असते, राज्याचा १९८२ चा कायदा आहे. पण मधली सगळी जागा, जिथे मूल पहिल्यांदा लिहायला शिकतं, ती मोकळीच आहे.

त्याच विनियमांत असंही म्हटलंय की संस्थेने दर सत्रात विद्यार्थ्यांसाठी आणि शिक्षकांसाठी जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत. प्रत्यक्षात काय होतं? सभागृहात एक व्याख्यान, पाहुण्यांना शाल-श्रीफळ, फोटो, अहवाल. त्यातून एकाही मुलाला संदर्भ कसा द्यायचा ते येत नाही. मला तुमचा स्वयंसेवक गट हवासा वाटतो तो यासाठीच.

कडक_शिस्त
सगळे फार हळवे झालात. बोर्डाने कॉपीमुक्त अभियान राबवलं ते समुपदेशन करून नव्हे. भरारी पथकं, बैठी पथकं, केंद्राबाहेर बंदोबस्त, हे सगळं लागलं. आणि दहावी-बारावीला आपला कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. २०२४ ला दहावीचा निकाल ९९.०१ टक्के होता. शिस्त लावली की मुलं अभ्यास करतात. स्वयंसेवकांना ओळखपत्र द्या, अधिकार द्या, नावं घ्या.

खाडीकाठ
@कडक_शिस्त, परीक्षेच्या खोलीत पहारा हवाच, त्याबद्दल वादच नाही. पण तो पर्यवेक्षकाने करायचा, तो त्याच कामावर नेमलेला असतो. वीस वर्षांच्या मुलाने शेजारच्या बाकावरच्या मित्रावर पाळत ठेवायची, हे वेगळं. शिवाय असाईनमेंट घरी लिहिली जाते, रात्री अकराला, मोबाईलवर. तिथे कुठलं भरारी पथक पोचणार?

मालवणचो_आजो
आमच्या टायमाक मास्तर अक्षर वळखी. एकाचा जर्नल दुसऱ्यान उतरवल्यान तर तेका लगेच कळायचा. आता सगळा टाईप केलेला, वळखतलो कसा? माका वाटता मास्तरान पोराक समोर बसवन इचारूक व्हया, "ह्या काय लिवलंस ता माका समजावन सांग." पाच मिंटात कळता.

मिरकरवाडा_जेटी
आजोबांना शंभर टक्के अनुमोदन. मी मत्स्यविज्ञानाचा पदवीधर आहे. माझ्या माहितीतला किस्सा सांगतो, कॉलेजचं नाव नको.

बंदरावरच्या मासळीच्या आवकीवर सर्वेक्षण होतं. जेटीवर जाऊन, लिलावाच्या वेळी पहाटे उभं राहून, कुठल्या होडीतून काय उतरलं, किती उतरलं ते लिहायचं. एका गटाने वर्षभराचा तक्ता खोलीत बसून तयार केला. आकडे असे सुबक की बघत राहावं. सरांनी एकच विचारलं, "जुलैत ट्रॉलरने एवढी कोळंबी आणली? कुठल्या समुद्रातून?" आपल्या किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. मिरकरवाडा बंदरातलं शेंबडं पोर सांगेल. या गटाला माहीत नव्हतं, कारण ते जेटीवर गेलेच नव्हते.

सरांनी शिक्षा म्हणून काही केलं नाही. सत्र संपेपर्यंत रोज पहाटे जेटीवर पाठवलं. त्यातला एक आज मासळीच्या निर्यातीत आहे आणि कुठल्याही मालाचे आकडे स्वतः बघितल्याशिवाय सही करत नाही.

मला या गोष्टीत कळकळ वाटते ती आकड्यांमुळे. खोटी असाईनमेंट एका मुलाचं नुकसान करते. मासळीचे, आंब्यावरच्या फवारणीचे, पाण्याच्या नमुन्यांचे खोटे आकडे पुढे कुठे कुठे जातात, त्याचा पत्ता लागत नाही. कोणीतरी त्यावर सल्ला देतो, योजना आखतो.

दापोलीचा_पाऊस
खरंय. आम्हाला कृषीच्या शेवटच्या वर्षाला 'रावे' असतं, गावात राहून शेतकऱ्यांबरोबर काम आणि रोजची डायरी. जो खरोखर गावात राहतो त्याच्या डायरीत चिखलाचे डाग असतात. बाकीच्यांच्या डायऱ्या एका रात्रीत, एकाच पेनाने.

पन्हं
आता एक रात्रीवाले डायरीवर चिखल लावून देतील हो! आयडिया दिलीत.

परदेशी_पाखरू
मूळचा राजापूरचा, सध्या अमेरिकेत संशोधन करतो. इथे हा प्रकार जुना आहे म्हणून लिहितो.

व्हर्जिनिया विद्यापीठात १८४० साली एका प्राध्यापकाला विद्यार्थ्याने गोळी घातली, ते त्यात गेले. विद्यार्थी आणि शिक्षक यांच्यातला अविश्वास त्या थराला गेला होता. त्यानंतर १८४२ मध्ये तिथे विद्यार्थ्यांनी परीक्षेत सचोटीची लेखी शपथ द्यायची पद्धत आली आणि पुढे ती व्यवस्था विद्यार्थ्यांच्याच हातात गेली. प्रिन्स्टनमध्ये १८९३ साली परीक्षेच्या खोलीत प्राध्यापकाने पहारा न देण्याची पद्धत सुरू झाली. पण तिथल्या नियमांत हेही येतं की दुसऱ्याला कॉपी करताना पाहिलं तर कळवायचं. म्हणजे सरांचा प्रश्न तिथेही आहेच.

रटगर्स विद्यापीठाचे डोनाल्ड मॅकेब यांनी यावर अनेक वर्षं काम केलं. लिंडा ट्रेविन्यो यांच्याबरोबर १९९३ साली त्यांनी जे मांडलं त्याचा गाभा असा, की मूल कॉपी करेल की नाही यावर सगळ्यांत जास्त प्रभाव आजूबाजूची मुलं काय करतात याचा असतो. शिक्षेची भीती त्यामानाने मागे. मला वाटतं गटाचं बळ यातच आहे. चार मुलं उघडपणे "आम्ही स्वतः लिहितो" म्हणाली की पाचव्याला तसं म्हणायला लाज वाटत नाही.

अमसूल
पाखरू, हे पटलं. माझ्या मुलीला वर्गात एकटं पडल्यासारखं वाटत होतं, ते मला शिक्षेपेक्षा जास्त लागलं होतं. असा गट असता तर ती त्यात पहिली गेली असती.

कोकणकन्या_स्लीपर
चॅटजीपीटीबद्दल अजून कोणीच बोललं नाही! मी संगणक अभियांत्रिकीला आहे. आमच्या वर्गात असाईनमेंट बहुतेक त्यातूनच येतात. आणि काही शिक्षक आता 'हे एआयने लिहिलंय का' ते ओळखणारी संकेतस्थळं वापरतात आणि त्यावर गुण कापतात.

खाडीकाठ सर, या चाळण्यांवर विसंबू नका. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं ओळखयंत्र २०२३ च्या जुलैत मागे घेतलं, अचूकता कमी म्हणून. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टोफेल देणाऱ्या, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांचे निबंध अशा सात चाळण्यांतून काढले. माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक 'यंत्राने लिहिलेले' ठरले. साधे शब्द, छोटी वाक्यं, हेच त्यांचं पाप. आपली मराठी माध्यमाची मुलं इंग्रजीत असंच लिहितात. प्रामाणिकपणे लिहून चोर ठरलेलं मूल पुढच्या वेळी स्वतः कशाला लिहील?

कडक_शिस्त
मग काय, सगळ्यांना सोडून द्यायचं?

कोकणकन्या_स्लीपर
नाही. आजो म्हणाले तेच करायचं. समोर बसवून विचारायचं. यंत्राला विचारण्यापेक्षा मुलाला विचारा.

दुकान_कॉलेजरोड
मी झेरॉक्सचं दुकान चालवतो, कॉलेजच्या जवळच. दोन शब्द लिहू का? परीक्षेच्या दिवसांत मायक्रो झेरॉक्स मागायला पोरं येतात, गाईडचं पान बोटाएवढं करून द्या म्हणतात. मी देत नाही. काही दिवस गिऱ्हाईक पलीकडे जातं, पण मला ते काम करायचं नाही. माझी पोरगी पण तिथेच शिकते.

ब्लॅकबुकचं मात्र सांगतो. पोरं बायंडिंगला येतात तेव्हा शेवटचा दिवस असतो, कुणाची एसटी साडेपाचची, कुणाला पान नंबर घालता येत नाहीत, कुणाला अनुक्रमणिका माहीत नाही. घाबरलेली असतात. त्या वेळी बाजूला कोणी 'तयार आहे, घे' म्हटलं की घेतात. तुमची स्वयंसेवक पोरं महिनाभर आधी त्यांना नुसतं बसवून सुरुवात करून देतील तर अर्धी गर्दी माझ्याकडे तयार फाईल शोधत येणार नाही. आणि तुमच्या गटाने आजूबाजूच्या दुकानांत येऊन एकदा बोलावं. आमच्यापैकी बरेच ऐकतील.

कातळावरची
दादा, तुमचं लिहिणं वाचून फार बरं वाटलं.

एसटीचा_पास
काल राहिलं ते लिहिते. मोठं होईल.

आमच्या वर्गात कॉपी करणारी बहुतेक मुलं आळशी नाहीत. पहाटे उठून काजू वेचून, म्हशीचं बघून येणारी आहेत. त्यांना इंग्रजीत दोन पानं लिहायला सांगितली की हात थांबतो. पुस्तकातलं वाक्य बदललं तर चुकेल ही भीती असते, म्हणून जसंच्या तसं उतरवतात. हे चूक आहे असं त्यांना कोणी सांगितलेलंच नसतं. शाळेत तर पुस्तकातलं जसंच्या तसं लिहिणाऱ्याला जास्त गुण होते.

मला एका सीनियर ताईने शिकवलं. परिच्छेद वाचायचा. पुस्तक मिटायचं. मैत्रिणीला मराठीत, म्हणजे घरी बोलतो तसं, सांगायचं की यात काय म्हटलंय. तिला कळलं नाही तर पुन्हा वाचायचं. मग जे बोललो ते मराठीत चार ओळींत लिहायचं आणि त्यानंतर त्याचं साधं इंग्रजी. व्याकरण चुकलं तरी चालेल. खाली लेखकाचं नाव, पुस्तक, वर्ष, पान. एखादी व्याख्या शब्दशः हवीच असेल तर अवतरणचिन्हं. बस. पहिल्यांदा दोन तास लागतात, नंतर नाही लागत. आणि व्हायवाला सर काही विचारतील याची भीती राहत नाही, कारण ते आपण आधीच कोणाला तरी सांगितलेलं असतं.

मला वाटतं स्वयंसेवकांनी हेच करावं. वाचनालयात एक टेबल. कोणीही यावं, असाईनमेंट देण्याच्या आधी. आलेल्याचं नाव कुठे लिहू नये. स्वयंसेवकाने पेन हातात घ्यायचं नाही, हा एक नियम हवाच, नाहीतर महिन्याभरात तोच सगळ्यांच्या असाईनमेंट लिहीत बसेल!

आणि मुलं येतील तेव्हा ठेवा. सकाळचं लेक्चर संपल्यापासून दुपारच्या गाडीपर्यंत आम्ही स्टँडवर नुसते बसून असतो.

अमसूल
पोरी, फार छान लिहिलंस. माझा विरोध अर्धा गळला. उरलेला अर्धा शिक्षकांशी आहे. मुलांनी टेबल लावायचं आणि शिक्षकांनी सगळ्या वर्गाला तोच एक प्रश्न द्यायचा, जो मागची पाच वर्षं चाललाय, हे बरोबर नाही. प्रत्येकाला त्याच्या वाडीतला विषय द्या. बचत गटाचा हिशेब, आंब्याच्या पेटीमागचा खर्च, गावातल्या पतपेढीचं कर्जवाटप. मागच्या वर्षीची फाईल कामालाच येणार नाही.

खाडीकाठ
अमसूल, मान्य. आमच्याकडे अंतर्गत गुण ४० असतात आणि ते देताना आम्ही फाईल उघडून बघतोच असं नाही. मुलांना हे दिसतं. प्रत्येक असाईनमेंटवर पाच मिनिटं तोंडी विचारायचं मी माझ्या विषयात सुरू करतोय, आणि गुणांत ते धरणार आहे. साठच्या वर्गाला वेळ लागेल. लागू दे. तुमच्या मुलीसारखी मुलं त्यातच उठून दिसतील.

कडक_शिस्त
तोंडी परीक्षा घेणार असाल तर माझी तक्रार नाही. टेबलही लावा. पण एक प्रश्न कोणी सोडवत नाहीये. वर्गातलाच एखादा पैसे घेऊन इतरांच्या असाईनमेंट लिहून देत असेल आणि ते स्वयंसेवकाला ठाऊक असेल, तर? तिथेही गप्प बसायचं?

परदेशी_पाखरू
चांगला प्रश्न. जगभर या धंद्याकडे वेगळ्या नजरेने बघतात. २०१६ पासून दरवर्षी त्याविरुद्ध एक आंतरराष्ट्रीय दिवसही पाळतात.

मिरकरवाडा_जेटी
माझ्या मते इथे फरक करावा. अडलेला मित्र वेगळा आणि दुसऱ्याच्या अडचणीवर पैसे कमावणारा वेगळा.

एसटीचा_पास
पण तो लिहून देणारा पण बऱ्याचदा गरजू असतो दादा. आमच्याकडे एकजण मेसचे पैसे असे काढायचा. हुशार होता. त्याला टेबलावर शिकवायला बसवलं असतं आणि कॉलेजने 'कमवा आणि शिका'तून काही दिलं असतं तर त्याने ते सोडलं असतं, मला खात्री आहे.

कातळावरची
हे मला फार आवडलं. वाचनालयात आम्ही 'कमवा आणि शिका'ची मुलं घेतोच. त्यातलं एक काम हे असू शकतं.

खाडीकाठ
मग मी बैठकीत असं मांडतो. असाईनमेंट उतरवणाऱ्याचं नाव स्वयंसेवकाकडून कोणीही विचारायचं नाही, हे लेखी. पैसे घेऊन लिहून देण्याचा प्रकार कळला तर स्वयंसेवकाने आधी त्या मुलाशी स्वतः बोलावं. तरी चालूच राहिलं तर असा व्यवहार चाललाय एवढं मला सांगावं, घेणाऱ्यांची नावं नकोत. पुढचं बघणं शिक्षकांचं काम. परीक्षेची खोली पूर्ण पर्यवेक्षकांकडे.

@दुकान_कॉलेजरोड, मुलांना घेऊन मी स्वतः येतो.

मालवणचो_आजो
गणपतीच्या आधी सुरू करा हां. मागसून पोरा मुंबयवाल्या पावण्यांत गुंततत, आनि सबमिशन आरतीच्या टायमाक आठावता.

कातळावरची
आजो बरोबर बोलतायत, आमच्याकडे सगळ्या फाईली विसर्जनानंतरच्या आठवड्यात येतात. सर, संदर्भ कसा द्यायचा याचा एक पानी तक्ता मी मराठीत करून ठेवलाय. पुस्तक, वर्तमानपत्र, संकेतस्थळ, आणि गावातल्या माणसाची मुलाखत घेतली तर ती कशी नोंदवायची, असे चार नमुने आहेत. उद्या इथेच टाकते. मुलाखतीचा नमुना आधी वाचून बघा, त्यात सांगणाऱ्याची परवानगी कशी लिहून घ्यायची यावर मला तुमचं मत हवंय.

एसटीचा_पास
ताई, टाकाच. आमच्या कॉलेजात पण लावते.